पंगतीतली दोन कुत्री

आमच्या घरात दोन कुत्री आहेत आणि दोघांचीही नावं मी इथं लिहिणार नाही. त्यातल्या एकाचं नाव आमच्या एका जवळच्या पाहुण्यावरून ठेवलेलं आहे आणि पाहुण्याला ते अजून कळलेलं नाही. कळेल तेव्हा कळेल. तोवर आपण एकाला थोरला म्हणू आणि दुसऱ्याला धाकटा.

थोरला लॅब्रॅडॉर. माझा नवरा जालना एमआयडीसीत एका बियाण्यांच्या कंपनीत आहे. तिथल्या शेठजींच्या कुत्रीला पिल्लं झाली आणि शेठजींनी त्यातलं एक खोक्यात घालून ह्याच्या हातात ठेवलं. मालकानं दिलेल्या मिठाईच्या खोक्याला कुणी नाही म्हणत नाही, म्हणून ह्यानं या खोक्यालाही नाही म्हटलं नाही. धाकटा आमच्या गावाकडच्या शेतातला. एक कान उभा, एक आडवा. एकदा गावाहून परत आलो, गाडीची डिकी उघडली, तर ज्वारीच्या पोत्यावर हे महाराज झोपलेले. उद्याच्या उद्या परत नेऊन सोडा, असं मी ठणकावून सांगितलं होतं. मी ठणकावून बरंच काही सांगते.

दोघांत एकच खोट होती. माणूस दिसलं की त्यांना राहवत नसे. चावणं नाही, गुरगुरणं नाही, नुसतं प्रेम. पण ते प्रेम पुढचे दोन पाय उचलून छातीवर यायचं. गॅसचं सिलिंडर आणणारा ते गल्लीच्या कोपऱ्यावरच ठेवून लांबून हाका मारायचा. माझ्या शाळेतल्या एक बाई आमच्या दारात आल्या, सपशेल उताण्या पडल्या आणि पुन्हा कधी आल्या नाहीत. त्यांचं मला फारसं वाईट वाटलं नाही, पण ते वेगळं.

मग प्रश्न आला आत्याबाईंचा. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाईच म्हणतात. सासरे गेल्यापासून त्या गावी एकट्या राहत होत्या, कुंभार पिंपळगावच्या थोडं अलीकडे. आम्ही दर वेळी म्हणायचो, जालन्याला चला. दर वेळी कारण तयार. आधी शेळ्या होत्या. शेळ्या विकल्या, तर तुरीची रास व्हायची होती. रास झाली, तर शेजारणीची सून बाळंत व्हायची होती. आणि प्रत्येक खेपेला आम्ही गेलो की त्या आधीपेक्षा वाळलेल्या दिसायच्या. चोळी दंडावर ढिली झालेली. काय जेवलात विचारलं, की म्हणायच्या, "एकट्या जिवासाठी काय चूल पेटवायची? चहात शिळी भाकर कुस्करली, झालं." साऱ्या जन्मात ज्या बाईनं दारातून कुणाला उपाशी जाऊ दिलं नाही, ती स्वतः उपाशी राहत होती आणि तिला ते कुठं खटकतसुद्धा नव्हतं. मला याचा फार राग यायचा. मला पुष्कळ गोष्टींचा राग येतो, पण हा राग काळजीचा होता.

शेवटी गुडघ्यानं आमचं काम केलं. गुडघा बदलावा लागला आणि ऑपरेशन जालन्यात ठरलं. आता पुढचे महिने आमच्याकडे राहण्यावाचून इलाज नव्हता. एकदा घरात आल्या की मी त्यांना परत कशाला जाऊ देते, असा माझा बेत होता. पण डॉक्टरांनी बजावलं, "काही झालं तरी पडायचं नाही. पडलात तर सगळं पुन्हा पहिल्यापासून." आणि दवाखान्याच्या खाटेवरून आत्याबाईंनी जाहीर केलं, "मंग मला सरळ गावीच सोडा. तुमच्या घरात कुत्र्यांचं राज्य. मी न्हाई येत."

नवरा म्हणाला, "माय, मी कुत्रे आष्टीला ताईकडं शेतावर पाठवून देतो." हे बोलताना तो खिडकीबाहेर बघत होता. थोरल्याला त्यानं स्वतः बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं.

आता लोकांना एकतर सासू नको असते, नाहीतर कुत्री नको असतात. मला दोन्ही हवं होतं. असली सून शोधून सापडणार नाही, पण माझं कौतुक कुणी केलं नाही. नववीतल्या आमच्या मुलीनं मात्र फोनवर एक माणूस शोधून काढला. तो घरी येऊन कुत्र्यांना शिस्त लावतो.

आत्याबाईंना कळलं तेव्हा त्या खाटेवर उठून बसल्या. "कुत्र्याला शिकवणी? अन् वर त्याचा खर्चा?"

शिकवणारा माणूस छत्रपती संभाजीनगरहून मोटारसायकलवर यायचा. तिशीचा, अंगात टी-शर्ट, गळ्यात शिट्टी, कमरेला बिस्किटांच्या तुकड्यांची पिशवी. आमच्याकडे जो काही शिकवतो तो सर, म्हणून तो ट्रेनर सर झाला. पहिल्या दिवशी त्यानं अंगणात उभं राहून दोघांकडे पाहिलं, मग आम्हा तिघांकडे पाहिलं, आणि म्हणाला, "कुत्री हुशार आहेत. घरच्यांना जरा वेळ लागेल."

त्याचे नियम साधे होते. शब्द एकच, आवाज एकच, आणि ऐकलं तरच बिस्कीट. तो "सिट" म्हणाला की दोघं बसायची. जादूच. मग आमची पाळी आली. माझ्या नवऱ्यानं आयुष्यात कुणाला हुकूम दिलेला नाही. शेठजी आणि ट्रकवाले यांच्या मधे उभं राहून त्याची विनवणीची सवय हाडात मुरली आहे. तो थोरल्यापुढे वाकून म्हणाला, "बस रे राजा, दोनच मिनिटं बस, मंग जा तू." थोरल्यानं त्याचं तोंड चाटलं. मुलगी "सिट" म्हणायची आणि स्वतःच हसत खाली बसायची. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मी वर्गात शिरले की पोरं चिडीचूप होतात. मी माझ्या त्या आवाजात "सिट!" म्हटलं. दोन्ही कुत्री पाण्याच्या टाकीखाली पळाली आणि शेजारचे रिटायर्ड काका, जे आपल्या ओट्यावर उभे राहून मजा बघत होते, ते पटकन खाली बसले.

"मॅडम, आवाज थोडा कमी," ट्रेनर सर म्हणाला. मला हे आजवर कुणी सांगितलेलं नाही. म्हणजे सांगितलं असेल, पण मला ऐकू आलं नसेल.

तरी आत्याबाई घरी आल्या त्या दिवशी त्यानं इभ्रत राखली. दोघांना भिंतीपाशी बसवून स्वतः समोर उभा राहिला. वॉकर टेकत आत्याबाई फाटकातून आत आल्या. दोन्ही कुत्री नखशिखांत थरथरत होती, शेपट्या फरशी झाडत होत्या, पण जागची हलली नाहीत. आत्याबाई थांबल्या, निरखून बघितलं आणि विचारलं, "बसलेत का बांधलेत?"

"बसलेत, आजी."

"बरं," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

इथवर सगळं ठीक होतं. बिघडलं ते आत्याबाई शिकवणी बघायला ओट्यावर खुर्ची टाकून बसायला लागल्या तेव्हा. सरनं "सिट" म्हटलं. थोरला बसला. धाकटा एका मुंगळ्याच्या मागे होता, तो बसला नाही. सरनं थोरल्याला बिस्कीट दिलं. धाकट्याला दिलं नाही. धाकटा बघत राहिला, आडवा कानसुद्धा उभा करून.

"अन् त्याचं?" ओट्यावरून आवाज आला.

"तो बसला नाही, आजी. बसला असता तर मिळालं असतं."

"एकाच्या म्होरं वाढायचं अन् दुसऱ्यानं तोंड बघायचं? लेकरा, ह्याला पंक्तिभेद म्हणतात. पाप असतंय."

सरनं समजावलं, की हे बक्षीस आहे, कमवावं लागतं. आत्याबाईंनी त्याच्याकडे अशा कीवेनं बघितलं की मला त्या पोराची दया आली. "जेवण काय बक्षीस असतंय का रे?" त्या म्हणाल्या.

मला यातलं गांभीर्य माहीत होतं. त्यांच्या गावात फार पूर्वी एका लग्नात वाढप्यानं ओळखीच्या माणसाला दोन लाडू वाढले आणि शेजारच्याला एक. शेजारचा पत्रावळीवरून उठला. त्याच्यामागे त्याची अख्खी भावकी उठली. त्या दोन घरांचं बोलणं अजून बंद आहे. लाडू खाणारा आणि न खाणारा दोघंही वारले, लाडू मात्र अजून आहे. अशा गावात आत्याबाईंनी जन्मभर पंगती वाढल्या. त्यांच्या डोळ्यांदेखत आमच्या अंगणात दिवसाढवळ्या पंक्तिभेद चालला होता.

त्यांनी वाद घातला नाही. त्यांनी आपल्या कमरेच्या पिशवीत बिस्किटं ठेवायला सुरुवात केली. सर पाठमोरा झाला की त्या धाकट्याला हळूच त्याचा वाटा द्यायच्या. धाकटा शेतातला, त्याला हिशोब लगेच समजला. थोरला बसला की आपल्याला मिळतं, मग आपण कशाला बसा? तो आपला लिंबाच्या सावलीत पाय ताणून पडायचा. थोरला बिचारा उठतोय, बसतोय, पंजा देतोय. आणि वाटपाच्या वेळी धाकटा आळस देत ओट्याशी हजर. आमच्या शाळेच्या समितीत असे दोन सभासद आहेत.

सरला आधी वाटलं, याला ऐकू येत नाही. त्यानं त्याच्या कानाशी टाळ्या वाजवून पाहिल्या. मग एक दिवस त्यानं अचानक मागे वळून बघितलं आणि आत्याबाईंचा हात हवेतच राहिला.

"आजी," तो अगदी रडकुंडीला येऊन म्हणाला, "असं केलंत तर माझी सगळी मेहनत पाण्यात जाते हो."

"तू सकाळधरनं काही खाल्लं का?"

"मी ड्यूटीवर काही घेत नाही."

"इतक्या लांबून उपाशी आल्ता, अन् आम्ही तुला तसाच परत धाडू? बाई, पोहे टाक गं जल्दी." हे मला.

तो नको नको म्हणाला, मग एक घास म्हणाला, मग बशी पुढे केली. आग्रहात आत्याबाईंचा हात धरणारा अजून जन्मायचा आहे. दोन-तीन रविवार असेच गेले. पुढच्या रविवारी तो आला, मोटारसायकल लावली आणि कुत्र्यांकडे न जाता सरळ ओट्यावर पायरीशी बसून स्वयंपाकघराकडे बघू लागला. मान किंचित कलती. नवरा माझ्या कानात म्हणाला, "कोण कुणाला शिकवून राह्यलं, काहीच समजून न्हाई राह्यलं."

हसण्यावारी नेलं, पण ते अंगाशी आलं. बिस्किटं आत्याबाईंच्या पिशवीत असतात हे आता दोघांनाही पक्कं ठाऊक झालं होतं. एका दुपारी त्या वॉकर घेऊन दारातून बाहेर येत होत्या आणि धाकट्यानं सरळ पिशवीवर उडी घेतली. वॉकर सरकला. आत्याबाईंनी चौकट धरली म्हणून वाचल्या. मी हातातलं ताट टाकून धावले. त्या धडधाकट उभ्या होत्या, पण ओठ पांढरे पडले होते, आणि धाकटा बापडा शेपूट पायात घालून कोपऱ्यात बसला होता.

संध्याकाळी नवऱ्यानं आष्टीला बहिणीला फोन लावला. "रविवारी दोघांना घेऊन येतो," एवढंच म्हणाला. थोरला त्याच्या पायावर डोकं ठेवून झोपला होता. ते ऐकून आत्याबाई आतून म्हणाल्या, "मुक्या जिवांना माझ्यापायी घराबाहेर काढू नका. मीच जाते गावी. माझं काय, मला सवय आहे."

सवय आहे म्हणे. चहात शिळी भाकर कुस्करायची सवय! माझं डोकं फिरलं. "कुणीही कुठंही जायचं नाही," मी ओरडले. "कुत्री इथंच राहतील, तुम्ही इथंच राहाल, आणि त्या सरला उद्याच्या उद्या बोलावून घ्या!" शेजारचे काका, मुलगी सांगते, त्यांच्या ओट्यावर पुन्हा बसले.

सर आला. या वेळी तो कुत्र्यांशी बोललाच नाही. आत्याबाईंच्या खुर्चीजवळ पायरीवर बसला आणि म्हणाला, "आजी, तुमचं म्हणणं मला मान्य आहे. एकाला देऊन दुसऱ्याला वगळायचं नाही. पण मग माझंही एक ऐका. दोघंही बसल्याशिवाय कुणालाच द्यायचं नाही. आणि पिशवीतून नाही. ताटात, समोर."

आत्याबाईंनी विचार केला. "म्हंजी सगळे बसल्याबिगर वाढायचं न्हाई."

"हो."

"अन् सगळ्यांना वाढल्याबिगर कुणी तोंड लावायचं न्हाई."

"तसं जमलं तर फारच छान."

"अरे मंग ही पंगतच की!" आत्याबाई म्हणाल्या. "हे आधी सांगायचं न्हाई का? मी उगीच तुला येडा समजून राह्यले होते."

त्या दिवसापासून आमच्या ओट्यावर पंगत बसू लागली. भिंतीला लागून दोन ताटल्या. सरनं बसायला लावायचं आणि थांबायचं शिकवायचं, आत्याबाईंनी रीत शिकवायची. दोघांना वाढून झालं की त्या खुर्चीतून विठ्ठलाचा जयघोष करायच्या, गावाकडे पंगत सुरू होण्याआधी करतात तसा, हात वर करून. मगच ताटाला तोंड लावायचं. आधी कुणी तोंड घातलं तर दोन्ही ताटल्या उचलल्या जायच्या. एक चुकला तर दोघांचं जेवण लांबायचं, त्यामुळे धाकट्याची नजर चुकली की थोरला त्याला खांद्यानं ढकलून सरळ करायचा. सर म्हणायचा, "हे आमच्या कोर्समध्ये नाही, पण सांगेपर्यंत जागचं न हलणं, म्हणजे आमचं स्टेच आहे, मॅडम. एक नंबर स्टे आहे."

अडचण एकच आली. आमच्या गल्लीच्या टोकाला देऊळ आहे, आणि आरती संपली की तिथल्या भोंग्यावरूनही हाच जयघोष होतो. एकदा ताटल्या वाढलेल्या, आत्याबाई अजून बसताहेत, आणि भोंगा गरजला. दोघांनी ताटल्या साफ केल्या. त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण आत्याबाईंना ते चालेना. "ती आपली पंगत न्हाई," त्यांनी दोघांना बजावलं, आणि एक नियम वाढवला. जयघोष झाल्यावर आधी घरातल्या मोठ्या माणसानं घास घ्यायचा, मग बाकीच्यांनी. घरातलं मोठं माणूस म्हणजे त्या. म्हणजे आता त्यांच्याही मांडीवर ताट आलं.

महिनाभरात कुत्र्यांची उडी बंद झाली. त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की बसली होती, की जो ओळीत बसतो त्यालाच वाढतात. मग दारात कुणीही आलं की दोघं धावत जाऊन भिंतीला लागून बसायची. न जाणो, वाढपी असला तर. सिलिंडरवाला आता सरळ आत येतो. पण त्या दोघांच्या श्रद्धाळू नजरा त्याला सहन होत नाहीत. एकदा त्यानं खिशातला अर्धा वडापाव काढून दोघांत सारखा वाटला आणि मला म्हणाला, "वहिनी, माझ्यानं बघवंना."

आणि दुसरी एक गोष्ट झाली, ती फक्त माझ्या लक्षात आली. आत्याबाई जेवत होत्या. नुसता घास घेऊन ताट खाली ठेवलं, तर दोन्ही कुत्री खाणं थांबवून त्यांच्याकडे बघायची. मग त्या "बरं बाबा" म्हणून पुन्हा ताट घ्यायच्या. भाकरी, वरण, ठेचा, भात. दोन्ही वेळा, पोटभर. चोळी दंडावर बसू लागली. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे बघायची आणि मला इतकं बरं वाटायचं की मी उगाच भांडी आपटायची.

मग गुडघा बरा झाला. काठीसुद्धा सुटली. गावी सप्ताह होता आणि काल्याच्या दिवशी महाप्रसादाला जायचं ठरलं. आदल्या दिवशी बघितलं, तर आत्याबाईंनी सगळ्या साड्या पिशवीत भरल्या होत्या. चांदीचा करंडासुद्धा.

"आता मी तिथंच राहते," त्या म्हणाल्या. "गुडघा चालायला लागला. तुमच्या जिवाला किती दिवस घोर?"

नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. मी गप्प बसले की घरात सगळे घाबरतात, पण त्या दिवशी मला खरंच शब्द सुचत नव्हता.

घरी सांभाळायला कुणी नाही, म्हणून कुत्र्यांनाही गाडीत घातलं. देवळापुढच्या मैदानात मांडवाखाली पंगत बसत होती. आत्याबाईंना अजून मांडी घालता येत नव्हती, म्हणून ओळीच्या शेवटी त्यांना खुर्ची दिली. मी बायकांच्या ओळीत मागे होते. नवरा कुत्र्यांच्या दोऱ्या धरून लांब लिंबाखाली उभा होता. तिथून त्या दोघांनी बघितलं, की माणसं ओळीनं बसताहेत, आणि शेवटी आपली आत्याबाई. दोऱ्या सुटल्या. मी "सिट!" म्हणून ओरडणार होते, पण मांडवातले निम्मे लोक बसलेलेच होते.

दोघं धावत आली आणि खुर्चीपलीकडे, ओळीच्या टोकाला, शेजारी शेजारी बसली. पाठ ताठ. नजर समोर.

पत्रावळ्या मांडणारा वाकून चालला होता. वाकलेल्या माणसाला पायच दिसतात. त्यानं दोन पत्रावळ्या त्यांच्याही पुढे टाकल्या. मागून भाजीची बादली आली, पुऱ्या आल्या, बुंदी आली. वाढपी धावत होते, "भाजी भाजी भाजी," आणि पत्रावळ दिसेल तिथं वाढत होते. वरणवाला पोचला तेव्हा त्यानं वर बघितलं. त्याचा पळा हवेतच थांबला.

"ए, कुत्रे उठवा ते!" माझे एक चुलत सासरे समोरच्या ओळीतून कडाडले. गावातले जाणते, सप्ताहाचे पुढारी.

आत्याबाई खुर्चीतून म्हणाल्या, "भावजी, पंगतीत बसलेल्याला उठवत न्हाईत."

"अहो वहिनी, कुत्रे आहेत ते!"

"वाढलंय त्यांच्या म्होरं. वाढल्यावर उठवायचं म्हंजी काय?"

चुलत सासऱ्यांनी कुत्र्यांकडे बघितलं. दोघांच्या पुढ्यात बुंदी होती, पुऱ्या होत्या, आणि दोघांनी मान खाली घातली नव्हती. थोरल्याच्या तोंडातून लाळेची तार थेट पत्रावळीपर्यंत गेली होती, पण तो हलला नव्हता. त्याच वेळी चुलत सासऱ्यांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या नातवानं एक पुरी अर्धी संपवलेली होती. त्यांनी एकदा नातवाकडे बघितलं, एकदा इकडे बघितलं.

"वाढा मंग," ते म्हणाले.

वरण वाढलं. जयघोष झाला, सारा मांडव गरजला. माणसं जेवायला लागली. कुत्री मात्र बसलेलीच. आत्याबाईंनी पुरीचा तुकडा मोडून तोंडात घातला, आणि मग दोन्ही डोकी एकदम खाली गेली. मुलीनं मोबाइलवर हे सगळं घेतलं आणि तिथूनच ट्रेनर सरला पाठवलं. त्याचा लगेच फोन आला. त्याला बोलता येत नव्हतं. आधी मला वाटलं हसतोय.

जेवणं उरकून आम्ही गावातल्या घरी आलो. शेजारणीनं ओटा झाडून ठेवला होता. नवऱ्यानं पिशवी आत नेऊन ठेवली आणि आमच्याकडे पाठ करून तसाच भिंतीवरच्या वडलांच्या फोटोकडे बघत उभा राहिला. आत्याबाई म्हणाल्या, "निघा आता, उजेड आहे तोवर. पण थांबा, ह्या दोघांना वाटंसाठी घास घालते. उपाशी कसं पाठवू?" इतका महाप्रसाद खाऊन झाल्यावर! पण त्यांच्याकडे उपाशी या शब्दाला पोटाशी काही देणंघेणं नसतं.

त्यांनी सोबत आणलेल्या सकाळच्या भाकरीचे तुकडे दोन ताटल्यांत वाढले. दोघं भिंतीला लागून बसली. त्यांनी हात वर करून जयघोष केला. दोघं तशीच बसून राहिली, त्यांच्या मोकळ्या मांडीकडे बघत.

"खा रे. माझं झालंय जेवण."

कुणी हललं नाही.

"आता रोज मी नसणार. सवय करा."

धाकट्यानं आडवा कान उभा केला आणि तसाच बघत राहिला. आणि मला कालपासून न सुचणारा शब्द सापडला.

"आत्याबाई," मी म्हणाले, "पंगतीत बसलेल्याला उठवत नाहीत, असं तुम्हीच भर मांडवात सांगितलंत. आणि सगळ्यांची जेवणं व्हायच्या आधी आपण होऊन उठलेलं चालतं का?"

"न्हाई चालत," त्या म्हणाल्या. त्या रीतीच्या बाबतीत कधी खोटं बोलत नाहीत. "तो अपमान असतोय."

"मग तुम्ही कुठं उठून चाललात? आमची पंगत बसलेली आहे. आम्ही तिघं, ही दोघं. तुमच्याशिवाय इथं कुणाच्या घशाखाली घास उतरत नाही." मला हे ठणकावून सांगायचं होतं, पण माझा आवाज मधेच फाटला. आयुष्यात पहिल्यांदा तो कमी पडला.

आत्याबाईंनी चुलीकडे बघितलं, फोटोकडे बघितलं, मग आपल्या मुलाच्या पाठीकडे बघितलं. मग वाकून थोरल्याच्या ताटलीतला भाकरीचा एक तुकडा उचलला आणि तोंडात घातला. दोन्ही डोकी खाली गेली.

"पिशवी गाडीत ठेव," त्या खाता खाता नवऱ्याला म्हणाल्या. "करंडा नीट धर, त्याचं झाकण ढिलं आहे."

गाडीत त्या पुढे बसल्या. मागे मी, मुलगी आणि आमच्या मांड्यांवर दोन्ही कुत्री. गाव मागे पडेपर्यंत त्या काचेतून बाहेर बघत होत्या. मग मागे न वळताच मला म्हणाल्या, "मी ह्या मुक्या जिवांसाठी येऊन राह्यले, बरं का. तुमच्यासाठी बिलकुल न्हाई."

"हो, आत्याबाई," मी म्हणाले, आणि एवढ्या हळू म्हणाले की नवऱ्यानं आरशातून मागे बघितलं.